येणाऱ्या यंत्राने मराठी शिकून यावे

शालेय वार्षिकात विद्यार्थ्यांनी कशावर लिहावे याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. ग्रंथ हेच गुरू, श्रमाची प्रतिष्ठा, वर्षा ऋतूचे वर्णन, फार झाले तर सहलीचा वृत्तान्त. या पंक्तीत व्हिडिओ गेमच्या यंत्रास पाट मांडून बसविणे कित्येक वडीलधाऱ्यांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. आमच्या मराठीच्या बाईंनी विषय ऐकताच प्रथम चष्मा काढून पुसला. परंतु ‘जे मनात आहे ते लिहा, मात्र शुद्ध लिहा’ एवढीच अट घालून त्यांनी अनुमती दिली. त्या अटीच्या पहिल्या भागाचे पालन करणे तरी आम्हां दहावीच्या पाच जणांस मुळीच कठीण गेले नाही.

ज्यास ‘कन्सोल’ म्हणतात ते यंत्र दूरदर्शन संचास जोडून त्यावर खेळ खेळता येतात, हे वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेलच. या यंत्रांची पिढी साधारणपणे सहासात वर्षांनी पालटते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या पुढील एक्सबॉक्स यंत्रांसाठी एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीशी अनेक वर्षांचा सहकार्याचा करार जाहीर केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्लेस्टेशनचे प्रमुख शिल्पकार मार्क सर्नी यांनी एएमडीच्याच अधिकाऱ्यासमवेत बोलताना काही वर्षांत येणाऱ्या यंत्रातील नव्या योजनांची ओळख करून दिली. प्रकाशाचा किरण भिंतीवर, पाण्यावर, धातूवर पडून कसा परततो याचे गणित क्षणोक्षणी करणारे स्वतंत्र भाग त्या यंत्राच्या चिपमध्ये असावेत, असा त्यांचा विचार आहे. ही वार्ता कानी येताच आमच्या मधल्या सुटीतील डबे थंड होऊ लागले. चित्रे किती स्पष्ट दिसतील, वेग किती असेल, किंमत किती पडेल, यांवाचून आम्हांस दुसरा विषय सुचेना. आमच्यापैकी एकाने तर वहीच्या शेवटच्या पानावर ‘अपेक्षा’ असे शीर्षक लिहून चौदा कलमांची यादी तयार केली. ती चौदाही कलमे वेगाची, चित्रांची आणि साठवणुकीची होती. पंधरावे कलम पुढे दिवाळीच्या सुटीत पडले, आणि तेच आज या लेखाचा विषय आहे.

त्या सुटीत आम्ही पाचही जण काचीगुड्यास एका वर्गबंधूच्या घरी जमलो होतो. त्याच्या मामांनी दिलेले जुने यंत्र त्याच्याकडे आहे. खेळ साहसकथेचा होता. पात्रे बोलत आणि त्यांचे बोलणे खाली इंग्रजी अक्षरांत उमटे. मागे सोप्यावर त्याची आजी कणकेचा हात पुसत येऊन बसली. आजीचे माहेर नांदेडचे. तिला पोथी वाचता येते, वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचते आणि गोष्टीचा तिला विलक्षण नाद. पाच मिनिटांत ती कथेत शिरली. “तो म्हातारा काय सांगतोय रे? लिहिलंय काय खाली?” वर्गबंधूने दोनतीन वाक्ये भाषांतर करून सांगितली. नंतर खेळ रंगात आला. आजीने पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आजी, नंतर सांगतो.” तिसऱ्या वेळी आजीने विचारले नाही. ती थोडा वेळ नुसती चित्रे पाहत बसली आणि मग उठून आत गेली.

आम्हांपैकी कोणीही वाईट वागले नव्हते. घरात आवाज चढला नव्हता, की कोणी कोणाचा अवमान केला नव्हता. तरीही रात्री परत येताना आम्ही पाचही जण गप्प होतो. वाचता येणाऱ्या माणसाला आपल्याच घरातील एका भिंतीपुढे निरक्षर होऊन बसावे लागते, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. पुस्तकापुढे, रेडिओपुढे, चित्रपटापुढे आजी कधी परकी नव्हती. या पडद्यापुढे ती परकी झाली. आणि आजीला परके करणारी ही भिंत उभारण्यासाठी आपण डब्यात पैसे साठवीत आहोत, असेही मनात येऊन गेले.

दुसरा अनुभव हसण्यावारी नेण्यासारखा आहे. आमच्या वर्गातील एकाचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होते. यंत्र प्रारंभी खेळाडूचे नाव विचारते आणि रोमन अक्षरेच पुढे करते. आता ‘ज्ञ’ रोमनात लिहावा कसा? आम्ही मराठी लोक त्याचा उच्चार ‘द्न्य’च्या जवळ करतो, हिंदी बोलणारे शेजारी ‘ग्य’ म्हणतात, तेलुगू मित्र ‘ग्न’कडे झुकतात, आणि संस्कृतचे शिक्षक ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा संधी सोडवून दाखवितात. हैदराबादेत एका मुलाला चार नावे मिळण्यास एवढे पुरे आहे. शेवटी त्याने कंटाळून ‘खेळाडू १’ या अर्थाचे जे तयार नाव तेथे होते, तेच स्वीकारले. आईवडिलांनी बाराव्या दिवशी कानात सांगितलेले नाव ज्या यंत्रास लिहिता येत नाही, त्याच्या स्मरणशक्तीची थोरवी आम्हांस जाहिरातीतून सांगितली जाते, ही मौजच म्हणावयाची.

तेव्हा आमची अपेक्षा अशी. येणारे यंत्र उघडताच भाषांची जी यादी पडद्यावर येते, तीत मराठी असावी. तिच्या शेजारी तेलुगू असावी, कन्नड असावी, उर्दू असावी. आम्ही हैदराबादचे आहोत, केवळ आपल्यापुरते मागणे आम्हांस शोभणार नाही.

हे मागणे अवास्तव आहे काय? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लक्ष लोक होते आणि तेलुगू सांगणारे ८ कोटी ११ लक्ष. डेन्मार्कची सारी लोकसंख्या साठ लक्षांच्या आसपास, फिनलंड व नॉर्वे यांचीही तितपतच. तरी प्लेस्टेशनच्या यादीत डॅनिश आहे, फिनिश आहे, नॉर्वेजियन आहे. त्या मुलांचा आम्हांस हेवा वाटत नाही. त्यांच्या आज्यांना खेळातील म्हातारा काय म्हणतो ते वाचता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. मराठी मात्र आजवर आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही यंत्राच्या यादीत आढळली नाही.

कोणी म्हणेल, देवनागरी अवघड आहे. ते काही अंशी खरे आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक उभी केली की शब्द झाला. आपल्याकडे ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चाराने नंतर येते, पण चित्रात आधी बसते. ‘र्क’मधील रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘स्त्री’मध्ये तीन व्यंजने एकमेकांच्या गळ्यात गळा घालतात. हा सारा संसार जुळविण्याचे ज्ञान खेळाच्या रचनेत घातले नसेल, तर वेलांटी भलत्याच अक्षराशी जाऊन बसते आणि पाय मोडलेली व्यंजने पडद्यावर लंगडत चालतात. हौशी लोकांनी केलेल्या काही खेळांत असा मजकूर आम्ही पाहिला आहे. परंतु हे कोडे सुटल्याला एक पिढी लोटली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ नावाचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याच प्रश्नावर झाले. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले. आज भाजीवाल्या मावशींच्या हातातील साध्या फोनवरही शुद्ध जोडाक्षरे उमटतात. सूर्यकिरणांचे गणित क्षणार्धात करू पाहणाऱ्या यंत्रास एक वेलांटी जागेवर बसविता येणार नाही, हे कोणास पटेल?

खरी अडचण अक्षरांची नसून बाजाराची आहे, आणि ती आम्ही लपवू इच्छित नाही. ही यंत्रे भारतात थोडी विकली जातात. त्याचा इतिहास आमच्यापैकी एकाच्या काकांनी आम्हांस ऐकविला. त्यांच्या लहानपणी निन्टेन्डोचे यंत्र ‘सामुराई’ या नावाने येथे विकले जाई. पुढे त्याच्या स्वस्त नकलांनी बाजार भरला, आणि बहुतेक घरांत गेल्या त्या नकलाच. १९९० च्या दशकाच्या मध्यास सेगाचे मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस या कंपनीने भारतात आणले, तेव्हा ८० टक्के आयातकराची धोंड टाळूनही त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळी एवढ्या पैशांत घरात काय काय आले असते, याची यादी काका बोटांवर मोजू लागले तेव्हा आम्ही विषय बदलला. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळू लागले आणि चकतीचा खण असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. शासनाने १ जानेवारी २०१९ पासून या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला होता, तरीही ही किंमत. आमच्या पाचही जणांचा साठा एकत्र केला तर तूर्त त्या यंत्राचा एक कंट्रोलर आणि त्याची वायर येईल; कदाचित वायर येणार नाही.

म्हणजे चक्र असे आहे. यंत्रे थोडी विकली जातात, म्हणून कंपन्या आमच्या भाषेकडे पाहत नाहीत. आणि यंत्रास आमची भाषा येत नाही, म्हणून ते घरातील एका मुलाचेच राहते, घराचे होत नाही. जी वस्तू घराची होत नाही, तिच्यासाठी वडील पन्नास हजार कसे काढतील? कॅरमला घरात जागा मिळाली ती तो सर्वांचा असल्यामुळे. आमच्या मते हे चक्र कंपन्यांनीच आधी तोडले पाहिजे, कारण ते त्यांना स्वस्तात तोडता येते. यादीत एक भाषा वाढविण्याचा खर्च नवी चिप घडविण्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असणार.

आणि केवळ सामर्थ्याने यंत्र मोठे होते, हेही खरे नाही. निन्टेन्डोमध्ये गुनपेई योकोई नावाचे एक अभियंता होते. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, त्याचा नवा उपयोग शोधावा, असे त्यांचे सूत्र होते. त्यांनी १९८० मध्ये गणकयंत्राचा पडदा घेऊन हातात मावणारे खेळ बनविले. १९८९ साली त्यांच्या देखरेखीखाली ‘गेम बॉय’ आला. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा तेवढ्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत होती, झगझगीत होती आणि विजेऱ्या गटागट पिणारी होती. गेम बॉय स्वस्त, चिवट आणि बराच काळ चालणारा निघाला. तो आणि त्याचा पुढे निघालेला रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लक्षांहून अधिक विकले गेले. आमच्या वर्गबंधूच्या यादीतील चौदा कलमे आम्ही यानंतर पुन्हा वाचली, तेव्हा त्यांतील निदान नऊ आम्हांस फार महत्त्वाची वाटेनात.

निन्टेन्डोचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो येथे पत्ते बनविण्यासाठी सुरू झाली. ‘हानाफुदा’ नावाचे ते पत्ते; बारा महिन्यांची बारा फुलझाडे, प्रत्येकाची चार पाने, असे ४८. आमच्याकडे सावंतवाडीस गंजिफा बनत असे आणि आजही बनते. लाखेने चकाकणारी गोल पाने, दहा अवतारांची दहा कुळे, प्रत्येकी बारा, अशी १२०. आमच्या तेलंगणातील निर्मळ गावच्या नक्काशांनीही गंजिफा रंगविला. क्योटोचे पत्तेवाले शंभर वर्षांत जगभरच्या दिवाणखान्यांत पोचले. आमचे पत्ते काचेच्या कपाटात पोचले. ते टिकले याचे श्रेय सावंतवाडीच्या भोसले घराण्याला आहे. त्यांनी वृद्ध चिताऱ्याकडून कला शिकून घेऊन ती पुढे दिली नसती, तर कपाटही रिकामे राहिले असते. परंतु १२० पानांचा हा खेळ पडद्यावर का खेळता येऊ नये? आणि तो खेळताना मत्स्य, कूर्म, वराह ही नावे त्यांच्याच लिपीत का वाचावयास मिळू नयेत?

येथे आम्हांस आमच्या नगराचा थोडा अभिमान मिरवू द्यावा. प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात घडविलेला पहिला खेळ ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ २००९ मध्ये निघाला, तो हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने रचला होता. देवतेस बटणांनी पळवावे काय, असा आक्षेप काहींनी परदेशात घेतला. आमच्या आजीमंडळींचे मत विचाराल तर मारुतिराय अशा गोष्टींनी रागावत नाहीत. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’ काढला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंगांची काटाकाटी होती. २०१७ मध्ये येथील ओगर हेड स्टुडिओने ‘असुर’ रचला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ २०२० मध्ये आली आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी बोलू लागली. ती हिंदीत बोलताना ऐकून आम्हांस जो हर्ष झाला, त्यावरून पुण्याची ही मुलगी मराठीत बोलेल त्या दिवशी आमचे काय होईल याची कल्पना करावी. भारतीय खेळरचनाकारांची परिषद आमच्या शहरात वर्षानुवर्षे भरत आली. २०२४ मध्येही ती येथेच भरली होती. तात्पर्य, खेळ रचणारे हात येथे आहेत. खेळ रचणाऱ्याने मराठी मजकूर घातला तर तो जसाच्या तसा उमटेल, एवढी सोय यंत्राने करावी.

नवे ज्ञान आपल्या भाषेत येऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यास हैदराबादकराने तरी मान डोलवू नये. १९१७ मध्ये याच शहरात भाषांतरासाठी एक मोठे कार्यालय उघडले गेले आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक यांचे शब्द बसून घडविले गेले. त्या धोरणात आम्हां मराठी, तेलुगू, कन्नड भाषिकांच्या वाट्यास काय आले, हा निराळा आणि कडवट इतिहास आहे. आमच्या पूर्वजांनी विवेकवर्धिनीसारख्या संस्था पदरमोड करून उभारल्या. परंतु दोन्ही गोष्टींत एक विश्वास समान होता. ज्यास जे शिकावयाचे ते त्याच्या भाषेत आणून देता येते, हा तो विश्वास. चारशे पानांचे रसायनशास्त्र ज्या नगरात भाषांतरित झाले, तेथे ‘खेळ सुरू करा’, ‘थांबा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढ्या शब्दांची अडचण पडावी काय? आम्ही मधल्या सुटीत बसून असे ६० शब्द मराठीत केलेही आहेत. ‘सेव्ह’ला ‘जतन’ सर्वांना पटला. ‘लेव्हल’ला ‘टप्पा’ की ‘मजला’, यावर अजून दोन पक्ष आहेत.

पालकांचा मुख्य आक्षेप अभ्यासाचा आणि डोळ्यांचा. तो आम्हांस मान्य आहे, आणि दहावीच्या वर्षी यावर वाद घालण्याइतके आम्ही धीट नाही. वेळ घड्याळ लावून मोजून द्यावा, आमची तक्रार नाही. तथापि एक नम्रपणे सुचवावेसे वाटते. मुलगा एकटा खोलीत खेळतो तेव्हा घड्याळाकडे कोणी पाहत नाही. आजी शेजारी बसून म्हाताऱ्याचे बोलणे मोठ्याने वाचत असेल, तर साडेआठ वाजल्याचे आधी तिच्याच ध्यानात येईल, कारण तिची जेवणाची वेळ टळत असते.

हा लेख पुरा झाल्यावर आम्ही तो काचीगुड्यास जाऊन आजीस वाचून दाखविला. आपले नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे, म्हणून ते छापलेले नाही. ‘भाजीवाल्या मावशी’ हे तिला आवडले, उस्मानियाचा भाग लांबला असे तिचे मत पडले. मग तिने विचारले, “ते सगळं राहू दे. तो म्हातारा काय म्हणत होता, ते सांगितलंच नाहीत तुम्ही.” वर्गबंधूने यंत्र लावले. आम्ही तो प्रसंग पुन्हा काढला, आणि या खेपेस पाच जणांनी पाळीपाळीने एकेक वाक्य मराठीत करून सांगितले. त्या एका प्रसंगास पाऊण तास लागला. म्हातारा आपल्या हरवलेल्या मुलाची खूण सांगत होता, आणि ती खूण आम्ही कोणीच पूर्वी नीट वाचली नव्हती.